दीपनगरची सरदारीण

कुमुदताईंची आणि माझी शेवटची भेट जळगावला त्यांच्या घरी झाली. ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या होत्या. डॉक्टरांना जे सांगायचं होतं ते त्यांनी मुलाला, शेखरला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. कुमुदताईंना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. मी धुळ्याहून सकाळच्या एसटीनं निघाले. डब्यात मेथीचे लाडू घेतले होते; ते आता त्यांना चालणार नाहीत, हे गाडी सुटल्यावर लक्षात आलं. पोचले तेव्हा रविवारची दुपार होती, आणि टीव्हीवर एक जुना काळापांढरा मराठी सिनेमा लागला होता. तो आम्हा दोघींच्या इतक्या ओळखीचा, की नुसता आवाज ऐकून मी दारात थबकले. याच सिनेमावरून कुमुदताई एकेकाळी एवढ्या संतापल्या होत्या, की पुढं कितीतरी वर्षं त्याचा विषय निघाला तरी त्यांचा चेहरा बदलायचा. त्रास नको म्हणून मी टीव्ही बंद करायला गेले, तर उशीवरून म्हणाल्या, “राहू दे गं. शेवट बघू.”

शेवटी त्यातली नायिका भर दरबारात नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते. मागं गाणं सुरू होतं, दासी पदरानं डोळे पुसतात. कुमुदताई कोपरावर रेलून अगदी बारकाईनं पाहत होत्या. “इंदू, तिचे डोळे बघ. गाणं रडतंय, त्या बाजूच्या बाया रडतायत, तिचे डोळे कोरडे आहेत.” मग दम घेऊन म्हणाल्या, “त्या बाईला हा शेवट पटलेला नव्हता. एवढी वर्षं मी सिनेमाला शिव्या दिल्या, आणि तिचा चेहरा काही नीट पाहिला नाही...”

त्यानंतर महिनाभरानं त्यांच्या सुनेचा, मनीषाचा, फोन आला. मी गच्चीवर धने वाळत घालत होते, धावत खाली आले. “मावशी, आई गेल्या,” एवढंच ती म्हणाली. फोन ठेवायचं बराच वेळ दोघींच्या जिवावर आलं.

मी मूळची धुळ्यातल्या देवपूरची. लग्न होऊन भुसावळजवळ दीपनगरला गेले ते चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला. माझे यजमान वीज केंद्रात स्टोअर्सला होते. एकसारख्या क्वार्टर्स, मागं उंच चिमण्या, आणि वारा फिरला की सगळ्यावर बसणारी बारीक राख. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करायचे नाहीत, पापड वाळत घातले की वरून जुनं धोतर पसरायचं, हे सगळं मला शेजारच्या कुमुदताईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पण त्यांची ओळख झाली होती ती त्याआधी, भिंतीतून. नवं घर, नवी माणसं, मी सकाळी चहा गाळत होते आणि पलीकडून चढ्या आवाजात ऐकू आलं, “तुमच्या संशयाला माझ्याकडे उत्तर नाही. आणि असतं, तरी मी ते दिलं नसतं!” पाठोपाठ काहीतरी आपटल्याचा धपाधप आवाज. शेजारी नवराबायकोचं हातघाईवर आलंय असं समजून मी मागच्या कुंपणावरून भीत भीत डोकावले. त्यांचे यजमान भास्करभाऊ केव्हाच पहिल्या पाळीला गेलेले. कुमुदताई एकट्याच, पदर खोचून, धोपटण्यानं चादर धोपटत होत्या आणि ते सगळं त्या चादरीलाच सुनावत होत्या. मला पाहून जराही ओशाळल्या नाहीत. “नवीन ना तू? ये. हे वाक्य झालं की थांबते.”

त्यांचं माहेर जामनेरकडचं. केळी आणि कापूस करणारं शेतकऱ्याचं घर, पण वडिलांना, त्यांच्या नानांना, नाटकाचं वेड. जामनेरला नाटक कंपनीचा तंबू पडला की नाना गाडी जुंपायचे आणि मुलीला पुढ्यात घेऊन बसायचे. गावातले लोक म्हणत, पोरीला नाटकं कशाला दाखवता. नाना म्हणत, पोराला झोप येते, हिला येत नाही. नाटकाची पुस्तकंही त्यांच्याकडे होती. संध्याकाळी बापलेक ओट्यावर बसून वाचायचे. पुरुषांची सगळी वाक्यं नानांची, बायकांची सगळी कुमुदची. राण्या, दासी, कजाग सासवा, सगळ्या तिनंच वाचायच्या. अकरावी झाल्यावर लग्न झालं, सासर धुळ्याकडचं, नवरा वीज केंद्रात. पुस्तकं माहेरी राहिली. वाक्यं तेवढी बरोबर आली.

त्या सगळ्यांत त्यांचं सर्वांत लाडकं नाटक म्हणजे सरदारणीचं. फार जुनं, आमच्या आजोबांच्या पिढीचं. नायिकेला त्यात चांगलं लांबलचक नाव आहे, पण सगळी पात्रं तिला सरदारीण म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. नवरा मोहिमेवर असताना तिनं गढी राखलेली असते. तो परत येतो तेव्हा कारभारी त्याच्या मनात भरवून देतो, की हिनं शत्रूशी संधान बांधलं होतं. सरदार भर दरबारात तिला दिव्य करायला सांगतो: तापलेल्या तेलात हात घाल, खरी असशील तर भाजणार नाही. आणि ती नाही म्हणते. तुमचा माझ्यावर विश्वास असेल तर तेल कशाला, आणि नसेल तर हात शाबूत राहिल्यानं तो कुठून येणार, असं विचारते. अंगावरचे सरदारकीचे दागिने उतरवून गादीवर ठेवते आणि गढीच्या दरवाजातून निघून जाते. सरदार एकटा उभा. पडदा.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्यावर सिनेमा निघाला, आणि तोच एकदा आमच्या वसाहतीच्या मैदानावर पडदा लावून दाखवला. सगळे सतरंज्या घेऊन गेलो. कुमुदताईंनी तर दिवसभर घाई केली होती, मला आधी सगळी गोष्ट सांगून ठेवली होती. सिनेमा छान चालला होता. दरबार आला, तेलाची कढई आली... आणि पडद्यावरच्या सरदारणीनं मुकाट्यानं हात तेलात घातला. हात भाजला नाही, कारभारी पकडला गेला, सरदारानं मोठ्या मनानं तिला क्षमा केली. कशाची क्षमा, ते कळलं नाही. ती पायांवर कोसळली, गाणं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुमुदताई उठल्या, सतरंजी झटकली आणि कुणाशी न बोलता चालू लागल्या. मी मागं पळत गेले. क्वार्टरच्या दारात आल्यावर म्हणाल्या, “नाटक लिहिणाऱ्याला तिनं बाहेर पडलेलं चाललं. आमच्या नानांना चाललं. शेतावरून आलेली माणसं तंबूत बसून बघायची, त्यांना चाललं. आणि हे सिनेमावाले आता म्हणतायत लोकांना चालत नाही?”

दीपनगरच्या गणपतीत बायकांसाठी एक दिवस असायचा. रांगोळी, पाककृती, फुगड्या, फार तर एखादं समूहगीत. नाटक पुरुषांचं. त्यात बाईचं काम करायला हिशेब विभागातले एक सडपातळ गृहस्थ दरवर्षी मिशा काढायचे आणि त्यांची बायको दरवर्षी आठ-दहा दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. त्या वर्षी कुमुदताईंनी महिला मंडळात सांगून टाकलं, की या खेपेला आपण सरदारणीचं नाटक करायचं आणि सगळी कामं बायकांनीच करायची. कुणीतरी विचारलं, पुरुषांचं काय? “ते मिशा काढून बाया होतात. आपण मिशा लावून पुरुष होऊ.”

उंच म्हणून सरदाराचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आयुष्यात कधी रंगमंचावर उभी राहिले नव्हते. तालमी दुपारच्या, कुमुदताईंच्या पुढच्या खोलीत, पुरुष कामावर आणि पोरं शाळेत असताना. मला वाक्यं पाठ व्हायची, पण मी सरदारासारखी दिसेना. कुमुदताई म्हणाल्या, तुझं बसणं चुकतंय. तू बसायच्या आधी खुर्ची आहे ना ते बघतेस. पुरुष बघत नाही, त्याला वाटतं ती असणारच. “पाय पसरून बस, इंदू. लागते तेवढी जागा घे. मग आणखी थोडी घे.” मी तशी बसले आणि खोलीतल्या सगळ्या बायका खो खो हसल्या, कारण प्रत्येकीला आपापला माणूस आठवला. त्या दिवसापासून कुमुदताई मला लाडात आल्या की “अहो सरकार” म्हणायच्या. वसाहतीच्या भाजीबाजारातसुद्धा.

कपडेपट भुसावळहून यायचा. तिथल्या रशीदभाईंकडे नाटकाचे पोशाख भाड्यानं मिळत. त्यांच्या पत्नी शमीमआपा यांनी सरदाराचा अंगरखा उसवून माझ्या मापाचा करून दिला. बाया पुरुषांची कामं करणार हे ऐकून त्यांना एवढी गंमत वाटली, की त्यांनी पहिल्या रांगेत बसायला जागा मागितली. कुमुदताईंनी तिथल्या तिथं कबूल केलं.

आणि मग एके दिवशी गणपती मंडळाचे कार्यवाह कुमुदताईंकडे चहाला आले. फार सभ्य माणूस. नाटकाचं कौतुक केलं, बायकांचं कौतुक केलं, आणि जाता जाता म्हणाले, की शेवट मात्र सिनेमातला घ्या. सणाचे दिवस, साहेब लोकांच्या घरची मंडळी पुढं बसणार, बाई घर सोडून जाते हे बरं दिसत नाही. आणि तसं जमत नसेल तर त्या दिवशी भजनी मंडळालाही वेळ हवाच आहे. हेच ते भास्करभाऊंनाही बोलले होते. भास्करभाऊ कंट्रोल रूमला होते, कार्यवाह त्यांच्या वरच्या जागेवर. संध्याकाळी जेवताना भास्करभाऊ म्हणाले, की एवढा शेवट बदल, मला रोज त्यांच्या पुढ्यात उभं राहायचं असतं. ते चिडून बोलले असते तर कुमुदताईंनी त्यांना ऐकवलं असतं. पण ते खाली मान घालून बोलले होते, आणि कुमुदताईंचं त्यांच्यावर प्रेम होतं. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी भिंतीपलीकडून नुसता धुण्याचा आवाज आला. वाक्य एकही नाही.

शेवटी एका दुपारी त्यांनी सांगितलं, आज सिनेमातला शेवट बसवू. त्या वेळी त्यांच्या सासूबाई गौरींसाठी म्हणून धुळ्याकडच्या गावाहून येऊन राहिल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. लहानखुऱ्या, वाकलेल्या, तोंडी अहिराणी, आणि तीही मोजकीच. तालीम चालू असताना त्या कोपऱ्यातल्या खाटेवर बसून वाल सोलत असायच्या. नाटकाला त्यांचा विरोध असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. मी सरदार होऊन पाय पसरून बसले. कुमुदताई आल्या, तेलात हात घातल्यासारखं केलं, आणि खाली वाकून माझ्या पायांवर डोकं टेकलं. खोटं सांगत नाही, मला पाय ओढून घ्यावेसे वाटले. तेवढ्यात खाटेवरून अक्का म्हणाल्या, “तिनी काय चूक शे?”

कुमुदताईंनी मान वर करून सांगितलं, की काही चूक नाही, अक्का, तिच्यावर खोटा आळ आहे.

“मंग ती पाया कसाले पडस?”

मग पाया कशाला पडते! कुमुदताई माझ्या पायांशी सरळ उठून बसल्या. अक्कांनी वालाची परात बाजूला ठेवली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं सांगायला लागल्या. त्या नव्यानं नांदायला आल्या तेव्हा घरातली सोन्याची पोत हरवली होती. संशय नव्या सुनेवर. घरातल्या वडीलधाऱ्यांनी देवापुढं पेटता दिवा ठेवला आणि म्हणाले, यावर हात धर आणि शपथ घे. त्यांनी धरला. इतका वेळ धरायला लावला, की कातडी गेली. सांगताना त्यांनी उजवा तळवा पुढं केला. त्यावरचा पांढुरका चट्टा आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला होता. चुलीवर भाजलंय असं त्या म्हणायच्या. “मंग पोत सापडनी,” अक्का म्हणाल्या, “कोनी काहीच बोलनं नही.”

भास्करभाऊ दारात उभे होते. पाळी संपवून केव्हा आले ते आम्हाला कळलंच नव्हतं. डबा हातात तसाच. ते आईच्या शेजारी खाटेवर येऊन बसले, तिचा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी तो चट्टा पाहिला. लहानपणापासून विचारत आलो, तू चूल म्हणायचीस, असं काहीतरी ते पुटपुटले. अक्कांनी हात सोडवून घेतला नाही. म्हणाल्या, “तुना बाप तठेच बठेल व्हता.” तुझा बाप तिथंच बसलेला होता. एवढं बोलून त्यांनी पुन्हा परात ओढून घेतली. भास्करभाऊ तसेच उठले, चहासुद्धा न घेता बाहेर पडले. आम्ही आपापल्या घरी गेलो. त्या दिवशी कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुमुदताईंनी मला सांगितलं ते असं. भास्करभाऊ थेट कार्यवाहांच्या क्वार्टरवर गेले होते. तिथं भांडले नाहीत, भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, की नाटकाबद्दल काही सांगायचं असेल तर इथून पुढं मला सांगू नका, तिला सांगा. नाटक तिचं आहे. मग कुमुदताई स्वतः गेल्या, मला बरोबर घेऊन. कार्यवाहांना म्हणाल्या, की नाटक पुस्तकात आहे तसंच होईल, आणि जागा द्यायची नसेल तर आम्ही आमच्या क्वार्टर्सच्या मधल्या पटांगणात चादरी बांधून करू. मग मात्र बघायला कोण येईल आणि कोण नाही हे तुमच्या हातात राहणार नाही. कार्यवाहांनी बराच विचार केला आणि आम्हाला दुपारची वेळ दिली. उन्हाची, मंडप निम्मा रिकामा असण्याची. कुमुदताईंनी तीही आनंदानं घेतली.

दुपार असूनही मंडप भरला होता. बायका तर झाडून आल्या होत्या, आणि त्यांना शोधत शोधत त्यांचे नवरे. पहिल्या रांगेत अक्का, शेजारी भुसावळच्या शमीमआपा. घामानं माझी मिशी डाव्या बाजूनं सुटत होती आणि मी प्रत्येक वाक्याला ती दाबत होते. लोकांना वाटलं, सरदार मिशीला पीळ देतोय. दरबाराचा प्रवेश आला. कुमुदताई समोर उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात बोलू लागल्या. तालमीत त्या हे सगळं तारसप्तकात म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवलाच नाही. जेवताना वाढता वाढता बोलावं तशा बोलल्या, आणि मंडपात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. दागिने उतरवले, गादीवर ठेवले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वळून मंचावरून चालत गेल्या, आणि मी एकटी उरले. पडद्याची दोरी अडकली. मला तसंच उभं राहावं लागलं. पुढं वाक्यच नाही, करायला काही नाही, सगळा मंडप माझ्याकडे बघतोय आणि अर्धी मिशी लोंबतेय. पण कुणी हसलं नाही. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि मला सरदाराची खरोखर कीव आली... टाळ्या आधी बायकांच्या बाजूनं सुरू झाल्या. पुरुषांच्या बाजूनं पहिल्यांदा कोण वाजवतंय ते मी मंचावरून पाहिलं. ते भास्करभाऊ होते. शमीमआपांनी मला नंतर सांगितलं, की त्या गडबडीत अक्का त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, “हाई मनी वहू शे.” ही माझी सून आहे.

यानंतर दीपनगर बदललं असं मी लिहिणार नाही. एका साहेबांच्या घरून निरोप आला, की बायकांनी असली नाटकं करू नयेत. आमच्याच रांगेतल्या एका बाईंनी आपल्या मुलींना कुमुदताईंकडे पाठवणं बंद केलं. पुढच्या वर्षी मंडळानं विनोदी नाटकाचीच अट घातली. कुमुदताईंनी विनोदी नाटक केलं, आणि त्यातली सासू अशी काही रंगवली, की त्याच बाई हसून हसून रडल्या. मुली पुन्हा यायला लागल्या. दुपारच्या वेळी त्या मुलींना घेऊन कुमुदताई जुनी नाटकं वाचायच्या. बायकांची वाक्यं तर मुली वाचायच्याच, पण राजे, सेनापती, न्यायाधीशही त्यांनाच वाचायला लावायच्या. म्हणायच्या, हुकूम कसा देतात तेही तोंडाला ठाऊक असू दे.

त्या काही घरात सरदारीण नव्हत्या. भास्करभाऊ पाळीवरून आले की हातातलं काम टाकून पाणी द्यायला उठायच्या. मी एकदा चिडवलं, की ताई, तुम्ही तर गढी सोडून निघाला होतात. तेव्हा हसून म्हणाल्या, “निघाले खरी. पण त्या बयेनं संध्याकाळी जेवायला काय केलं, ते नाटकात लिहिलेलं नाही. ते मला बघावं लागतं.” हट्टी होत्या. चूक दाखवलेली चालायची नाही. पत्ते खेळताना सर्रास खोटं खेळायच्या आणि पकडलं की पानं गोळा करून म्हणायच्या, चहा ठेवते. दुखणं अंगावर काढलं तेही त्याच हट्टापायी. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायच्या, मला काय झालंय ते मला कळतं. आमच्यापैकी कुणी जोर केला असता तर... पण त्यांच्यावर जोर करणारं माणूस कुठून आणणार?

आम्ही देवपूरला आलो, कुमुदताई आणि भास्करभाऊ निवृत्तीनंतर जळगावला स्थायिक झाले. शेखरसाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा मला बरोबर नेलं होतं. मनीषा पोहे घेऊन आली. नातेवाइकांनी शिवण, स्वयंपाक, सगळं विचारून झाल्यावर कुमुदताईंनी विचारलं, तुला राग आला की तू काय करतेस? पोरगी गांगरली, म्हणाली, गप्प बसते. “ते बदलू आपण,” कुमुदताई म्हणाल्या, आणि लग्न ठरलं. मनीषाला शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत त्या स्वतः गेल्या होत्या.

त्यांच्या दिवसकार्याला मी जळगावला गेले. जेवणं उरकल्यावर पुढच्या खोलीत मंडळी बसली होती. भास्करभाऊंचे एक थोरले चुलतभाऊ आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. मनानं चांगले, पण आपलं म्हणणं शेवटचं असतं अशी सवय. त्यांनी विषय काढला, की आता भास्करचं वेळच्या वेळी कोण बघणार. सुनेनं नोकरी सोडावी, शेखरचा पगार काही कमी नाही, कुमुद होती तोवर ठीक होतं. बसलेल्यांपैकी दोघातिघांनी माना डोलावल्या. मनीषा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तिथंच थांबली. शेखर वडिलांकडे पाहू लागला. भास्करभाऊ आजवर आबांपुढं कधी बोललेले मी ऐकले नव्हते.

“मनीषाची शाळा सोमवारी आहे, आबा,” ते म्हणाले. “ती जाईल.”

आबांनी विचारलं, मग तुझं काय?

“मला वरणभात करता येतो. पोळ्या शिकतोय.”

आबांनी आणखी एकदोन गोष्टी सांगून पाहिल्या. भास्करभाऊंनी त्या ऐकून घेतल्या आणि प्रत्येक वेळी तेच, तेवढ्याच हळू आवाजात सांगितलं, की ती जाईल. मनीषानं पुढं होऊन चहा दिला. पहिला कप तिनं आबांनाच दिला.

आता परवाच पुन्हा जळगावला जाणं झालं. दुपारी गेले, तर घरात भास्करभाऊ एकटेच, स्वयंपाकघरात, कमरेला टॉवेल बांधून पोळ्या लाटत होते. मला जेवूनच जा म्हणाले. शेवटच्या दोनतीन महिन्यांत कुमुदताईंना उभं राहवत नव्हतं, तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओट्याशी आणवली होती. तिच्यावर बसून, नुसत्या बोटानं दाखवत, त्यांनी नवऱ्याला पोळ्या शिकवायला सुरुवात केली होती. कणीक सैल, कडेनं लाट, तवा तापू दे. शिकवणी अर्ध्यावर राहिली, असं ते म्हणाले. ती खुर्ची अजून तिथंच होती. ओट्याला अगदी चिकटून, येताजाता अडखळायला होईल अशी. ताट घ्यायला जाताना मी ती बाजूला सरकवायला गेले.

“राहू द्या वहिनी तिथंच,” भास्करभाऊ म्हणाले. “पोळी बिघडली की तिकडं बघायची सवय लागलीय.”

मी खुर्चीला वळसा घालून ताट घेतलं. पोळ्या जाड झाल्या होत्या, कडेला कच्च्याही होत्या. मी दोन खाल्ल्या.